दोन वितींचा समुद्र

मी एक जुना समुद्र आहे, मित्रांनो. हसू नका. समुद्र कधी जुना होतो का, असं तुम्ही विचाराल. खरा समुद्र होत नसेल, पण मी दोन वितींचा आहे. खाली प्लायची फळी, तिच्यावर प्लास्टर, त्यावर पातळ कागद, मग रंग आणि सगळ्यात वर वॉर्निश, एवढाच माझा पसारा. एका कपाटाच्या डोक्यावर, पारदर्शक पेटीखाली मी बसलेला असतो. माझ्या मधोमध एक मालवाहू जहाज आहे, वरून काळं आणि खालून लाल, आणि ते वाकडं आहे. त्या वाकडेपणाचीच ही गोष्ट आहे.

आधीच सांगून ठेवतो, मी भित्रा आहे. समुद्र असून मला पाण्याची भीती वाटते. पाण्याचा पेला घेऊन कोणी जवळून गेलं की तो पेला लांब जाईपर्यंत मी त्याच्यावरची नजर काढत नाही, कारण प्लास्टरला ओल लागली की ते फुगतं आणि फुगलेला समुद्र परत बसत नाही. मला उन्हाची भीती वाटते, कारण उन्हानं वॉर्निश पिवळं पडतं. पाहुण्यांच्या बोटांची तर विचारूच नका. माझ्या लाटांवरचा फेस कापसाचा आहे, आणि तो जरा ओढून बघावा असं भल्याभल्यांना वाटतं. पण यात माझा काय दोष? ज्या हातांनी मला घडवलं, तेच हात घाबरलेले होते.

ते हात दातताईचे. तिचं खरं नाव घरात कोणी घेत नसे. ती जन्मभर कवळ्या बनवत आली. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे आणि ही त्या ठशावरून कवळी घडवायची. बारीक कोरण्या, छोट्या पट्ट्या, प्लास्टरची पोती आणि एक डोळ्याला लावायचं भिंग, हे तिचं जग होतं. शेजारपाजारचे म्हणायचे, "दातताईच्या हातची कवळी घातली की माणूस भांडायलाही मोकळा होतो." ती हसायची. तेव्हा ती हसत असे.

मग तिचा एकुलता एक मुलगा जहाजावर आचारी म्हणून गेला. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. सून घरीच कपडे शिवायची. बंदराच्या फाटकावर त्याला सोडून दोघी परत आल्या, आणि त्या दिवसापासून दातताईची झोप उडाली. कुठे वारा सुटला की ती खिडकीशी जायची. बातम्यांमध्ये "समुद्र" हा शब्द आला की तिच्या हातातलं काम थांबायचं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तसं तिचं झालं होतं. एका दुपारी ती सुनेला म्हणाली, "मला एवढा मोठा समुद्र डोक्यात मावत नाही गं. टेबलावर मावेल एवढा करून बघते. रोज नजरेसमोर असला म्हणजे भीती मरेल."

भीती काही मेली नाही. पण समुद्र झाले.

माझ्या आधी दोन झाले. पहिला अगदी सपाट होता, काचेसारखा गुळगुळीत, बिचारा अजून देव्हाऱ्यासारखा जपलेला आहे. दुसऱ्याचं जे झालं ते आठवलं की आजही माझ्या वॉर्निशवर काटा येतो. तो थर्मोकोलचा होता. दातताईनं त्याच्या लाटा कोरल्या, खूश झाली, आणि निळ्या स्प्रेचा डबा हलवून त्याच्यावर फवारा मारला. मित्रांनो, स्प्रेच्या रंगात थर्मोकोल खाणारं रसायन असतं. तो समुद्र चरचरत आत गेला. लाटा खचल्या, भोकं पडली, आणि दातताई डबा हातात धरून नुसती बघत राहिली. सूनबाईनं पटकन तो उचलून बाहेर नेला. "हा समुद्र नव्हेच," ती म्हणाली. "हा नुसता थर्मोकोल होता, आई." पण दातताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला हे सगळं सुनेच्या तोंडूनच कळलं आहे. अशा घरात, अशा भावाच्या पाठीवर मी जन्माला आलो. मग भित्रा होणार नाही तर काय होणार?

मला मात्र तिनं तिच्या ओळखीच्या मालाचा केला, म्हणजे कवळीच्या प्लास्टरचा. चंदेरी फॉइल चुरगाळून, परत उलगडून तिनं लाटांची नक्षी बघून घेतली. मग ओलं प्लास्टर फळीवर ओतून त्याला वाऱ्याच्या एकाच दिशेनं उभार दिले. जहाज आधीच तयार होतं. मऊ लाकडातून कोरलेलं, मुलाच्या जहाजाची हुबेहूब नक्कल. ते पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तिनं ओल्या प्लास्टरमध्ये दाबून धरलं. असं केलं की समुद्रात जहाजापुरती बैठक तयार होते, आणि प्लास्टर सुकल्यावर जहाज अलगद उचलता येतं. "ठसाच की हा," ती स्वतःशी पुटपुटली. "फक्त आज तोंड समुद्राचं आहे."

आता ऐका, कारण चूक इथेच झाली.

मला घडवायला तिच्यासमोर एक फोटो होता. मुलाचा एक मित्र दुसऱ्या जहाजावर होता. भर समुद्रात दोन्ही जहाजं एकमेकांच्या बाजूनं गेली, तेव्हा त्या मित्रानं लांबून मुलाच्या जहाजाचा फोटो काढला आणि त्याला पाठवला. मुलानं तो घरी पाठवला. खाली लिहिलं होतं, "आई, हे बघ माझं घर. आता तुझा समुद्र कर." फोटो छान होता. ऊन होतं, पाणी शांत होतं, आख्खं जहाज बाजूनं दिसत होतं.

दातताईनं कामात कधी अंदाज चालवला नाही. तिनं फोटोवर कंपास लावून पाणी जहाजाच्या पुढे किती वर येतं आणि मागे किती वर येतं ते मोजलं. तेच माप तिनं जहाजावर पेन्सिलीनं आखलं, आणि त्या रेषेपर्यंत जहाज माझ्यात दाबलं. प्लास्टर सुकलं. तिनं प्लॅस्टिक काढून जहाज पुन्हा बैठकीत ठेवलं आणि मागे सरून पाहिलं.

जहाज नाकावर बसलं होतं.

फार नाही, थोडंसंच. मागच्या बाजूला जहाजाची लाल पट्टी पाण्याच्या वर दिसत होती, आणि पुढे येता येता ती माझ्यात बुडून नाहीशी होत होती. "च्च," दातताई म्हणाली. "हात हलला वाटतं. वय झालं."

मित्रांनो, जन्मभर कवळ्या केलेल्या माणसाला एक सवय असते. कवळी एका बाजूला उंच बसली की घासायची, खाली बसली की भरून घ्यायची. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की काम झालं. तिच्या हातांनी विचारही केला नाही. तिनं पुट्टी कालवली, माझ्या बैठकीच्या पुढच्या टोकाला भरली आणि जहाजाचं नाक उचललं. लाल पट्टी इथून तिथपर्यंत एकसारखी दिसू लागली. मग पुट्टीवर रंग चढला आणि नाकापाशी कापसाचा पांढरा फेस लागला. कोणाला शंका येणार नाही इतकं ते सुबक झालं. माझी मात्र पाचावर धारण बसली होती. जहाजात काय बिघडलंय ते मला कुठलं कळायला, मी दोन वितींचा. पण माझ्या पोटात फोटोतलं माप होतं आणि त्यावर कुणीतरी गोड खोटं लिंपलं होतं, एवढं मला नक्की कळत होतं. आणि मला बोलता येत नव्हतं. टेबलावरच्या समुद्राला कसली आलीय गाज?

काही दिवस माझं भलतंच कौतुक झालं. शेजारी बघून गेले. टपालवाला दारातून डोकावून म्हणाला, "ओलं दिसतंय हो, हात लावू का?" आणि माझा जीव कासावीस झाला. दातताई लाजून म्हणायची, "काय ते, रिकामपणाचे उद्योग." रात्री तिला जरा झोप लागू लागली होती. तिला वाटत होतं, माझ्यावरचं जहाज सरळ उभं आहे, म्हणजे तिकडचंही सरळच असणार.

खोट सुनेनं काढली. ती बिचारी नवऱ्याचा तो फोटो दिवसातून कितीदा बघायची देव जाणे. एका सकाळी ती परकराला काठ लावत टेबलाशी बसली होती. तोंडात टाचण्या होत्या. तिची नजर सहज माझ्याकडे गेली, मग फोनवरच्या फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"आई, तुम्ही लाल पट्टी सगळीकडे सारखी दाखवलीय."

"मग? सारखीच असते ती."

"फोटोत नाहीये. फोटोत काठ पुढे बुडालाय. मागे चांगला बोटभर दिसतोय आणि पुढे काहीच नाही. एखादा परकर मागून आखूड आणि पुढून लांब शिवावा ना, तसं."

"अगं, माझंही तसंच आलं होतं," दातताई म्हणाली. "हात हलला होता माझा. मग मी पुट्टी भरून सरळ केलं."

सूनबाई तिच्याकडे बघत राहिली. "हात कसा हलेल, आई? तुम्ही फोटोवरूनच घेतलं होतं ना माप?"

दातताईनं भिंग डोळ्याला लावलं आणि फोटो पुन्हा मोजला. मग एक बारीक कोरणी उचलली, जहाज बाजूला काढलं आणि माझ्या पोटातली पुट्टी खरवडायला सुरुवात केली. एवढी सुंदर रंगवलेली लाट तिनं फोडून काढली. दुखलं मला. पण तुम्हाला खरं सांगतो, त्या दुखण्यात कुठेतरी बरंही वाटलं. तिनं जहाज परत ठेवलं. त्याचं नाक हळूच खाली गेलं आणि तिथे बसलं.

"असंच आहे ते," ती म्हणाली. आवाज तिचा वाटेना. "पुढे जड झालंय. त्याच्या नाकात काहीतरी शिरलंय."

"माल असेल पुढे जास्त," सून म्हणाली, पण तिनं शिवण खाली ठेवली होती.

बंदरातून निघतानाचाही एक फोटो होता. तो शोधला. त्यात लाल पट्टी इथून तिथपर्यंत सारखी होती. मग मात्र दोघींच्या तोंडचं पाणी पळालं.

मुलाला निरोप पाठवला. फोनवर एकच खूण उमटली, करड्या रंगाची, म्हणजे निरोप निघाला पण पोचला नाही. भर समुद्रात जहाजाला नेट मिळेल तेव्हा मिळतं. दातताईनं जहाजाच्या कंपनीच्या कचेरीत फोन लावला. फोन घेणारा माणूस शांत होता. तो म्हणाला, "बाई, जहाजाची खबर आमच्याकडे रोज येते. सगळं ठीक आहे. तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी समुद्र करते."

"म्हणजे?"

"म्हणजे छोटा. टेबलावरचा. जहाज त्यात नाकावर बसतंय."

पलीकडे कागदावर काही खरडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "कळवतो मी तिकडे," आणि फोन ठेवला.

"हसला का तो?" सुनेनं विचारलं.

"नाही," दातताई म्हणाली. "हसला असता तर बरं वाटलं असतं."

ती दुपार मी विसरणार नाही. घरात दोन बायका आणि एक टेबल. चूल पेटली नाही. सूनबाई फोन हातात धरून बसली होती, आणि दर थोड्या वेळानं ती करडी खूण बघायची. दातताई माझ्या समोर बसून जहाजाच्या नाकाकडे बघत होती. मधेच तिनं माझ्या काठावर बोट ठेवलं आणि पुटपुटली, "मी सरळ केलं. मला दिसलं होतं आणि मी सरळ केलं." माझ्या अंगावर ओलं काही पडलं. पाण्याला घाबरणारा मी, पण त्या दिवशी हललो नाही. तो डाग अजून माझ्या डाव्या कोपऱ्यात आहे.

संध्याकाळी खुणेच्या शेजारी दुसरी खूण उमटली. आणि लगेच मुलाचाच फोन आला, मागे भांड्यांचा खणखणाट. "काय गं आई, घाबरवतेस केवढं. जहाज मस्त चाललंय. मी कांदा चिरतोय, रडतोय तो त्यामुळे."

"सोन्या, माझं ऐक," दातताई फोनमध्ये म्हणाली. "एका सपाट पातेल्यात पाणी घे. ते कुठल्या बाजूला जमतंय ते बघ."

कांदा चिरणाऱ्या सुरीचा आवाज थांबला. मग त्याचा आवाज आला, आणि त्यातली थट्टा गेली होती. "आई, गेले काही दिवस तव्यावरचं तेल एकाच बाजूला पळतंय. डोलणं वेगळं असतं, ते इकडे-तिकडे जातं. हे नुसतं पुढेच. मला वाटलं शेगडी वाकडी आहे. मी तव्याखाली फडक्याची घडी घातली."

"घातलीस?"

"हो. मग तवा सरळ झाला."

मित्रांनो, आई तशी लेक म्हणतात, इथे आई तसा मुलगा निघाला. तिकडे त्यानं तव्याखाली घडी घातली, इकडे हिनं माझ्यात पुट्टी भरली. एकाच घरातली माणसं, एकच चूक, आणि मधे आख्खा समुद्र.

"साहेबांना सांग," दातताई म्हणाली. "आत्ता. कांदा टाक."

तो गेला. पुन्हा सगळं शांत झालं. ही शांतता आधीच्यापेक्षा वाईट होती, कारण आधी शंका होती आणि आता तव्यावरचं तेल होतं. मी समुद्र आहे, पण त्या वेळी मला समुद्र असण्याची लाज वाटली.

पुढचं आम्हाला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. जहाजाच्या मोठ्या साहेबांनी मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं. कचेरीतल्या त्या शांत माणसाचा निरोपही तोवर तिकडे पोचला होता. दोन टोकांकडून एकच गोष्ट आल्यावर कोण हसणार? माणसं पुढे गेली. जहाजाच्या नाकात दोरखंड ठेवायची कोठी असते. तिचं एक झाकण आधीच्या एका खवळलेल्या रात्री निखळलं होतं, आणि तिथून लाट लाट करून पाणी आत शिरत होतं. मागच्या टोकाला बसून जहाज चालवणाऱ्यांना ते कळायला मार्ग नव्हता. लांबलचक जहाज, आणि नाक जरासं खाली. कोठी गच्च भरत आली होती. पलीकडची भिंत ओली लागत होती आणि त्या भिंतीमागे मालाची पहिली मोठी खोली होती. त्यांनी पंप लावले, वेग कमी केला आणि तोंड जवळच्या बंदराकडे वळवलं. जिथून ते पुढे जाणार होते, तिथे नंतर वादळ झालं. ते तसेच गेले असते तर काय, हे आमच्या घरात आजवर कोणी बोललेलं नाही.

मुलगा घरी आला तेव्हा त्यानं आधी आईला पाहिलं, मग बायकोला, मग मला. बराच वेळ तो वाकून बसलेल्या जहाजाकडे बघत राहिला. "असंच होतं?" त्यानं विचारलं. दातताईनं मान डोलावली. तो खुर्चीत बसला आणि टेबलावरचं फडकं घेऊन त्याची घडी घालत, उलगडत राहिला. सुनेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला जेवायला उठवलं.

पुढे कधीतरी शहरातल्या एका सभागृहात छोट्या जहाजांचं प्रदर्शन भरलं. सूनबाईच्या आग्रहानं दातताईनं मला तिथे नेलं. मला त्या गर्दीची धडकी भरली होती. माझ्या आजूबाजूला केवढे देखणे समुद्र होते, एकेका लाटेत उजेड अडकलेला. परीक्षक आले, चष्मा सरकवून माझ्यावर वाकले. "लाटा उत्तम आहेत, बाई," ते म्हणाले. "पाण्याचा रंग तर अप्रतिम. पण जहाज नाकावर बसलंय. एवढी मेहनत करून हे राहिलं कसं? थांबा, नुसतं उचलून बघतो, सरळ होतंय का."

त्यांनी हात पुढे केला. आणि माझी दातताई, जिनं आयुष्यात कधी डॉक्टरांपुढे आवाज चढवला नाही, तिनं त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नका," ती म्हणाली. "ते तसंच होतं."

मला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या समुद्राकडे गेले. त्यानंतर मी कपाटावर आलो. आता माझ्यावर धूळ बसते, पेटीला चरे पडलेत, माझ्या डाव्या कोपऱ्यातलं वॉर्निश सुटू लागलंय. मुलगा पुन्हा समुद्रावर गेला आहे, दुसऱ्या जहाजावर. खाली टेबलावर नवा समुद्र होतो आहे आणि दातताईचे हात अजूनही घाबरलेलेच आहेत. मीही घाबरलेलाच आहे. पण या घरातली भीती आता नुसती बसून राहत नाही, ती फोटो मागवते, कंपास काढते आणि सुनेला हाक मारते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखा एखादा समुद्र तुमच्या घरात असेल तर त्याची धूळ मऊ कुंच्यानं पुसा, त्याला उन्हात ठेवू नका, पाणी लांब ठेवा. आणि त्यातलं काही वाकडं दिसलं, तर लगेच सरळ करायला जाऊ नका. आधी विचारा की हे असं का आहे. माझं जहाज बघून पाहुणे अजूनही हसतात. त्या जहाजावरची सगळी माणसं मात्र त्या फेरीनंतर आपापल्या घरी जेवायला बसली.